माळ्यावरचा हीटर

पुण्यात घर गरम करायची पद्धत नाही. पुण्यात पंखा बंद करायची पद्धत आहे. दिवाळी झाली की पंखा पाचावरून तिनावर येतो, तिनावरून एकावर, आणि मग एखाद्या सकाळी घरातलं कोणीतरी म्हणतं, आज पंखा नको वाटला बाई. झाली थंडी सुरू. त्यानंतर चादरीवर सोलापुरी चादर, तिच्यावर रजई, मग पायमोजे, मग कानटोपी. एवढं सगळं घालूनही जो कुडकुडतो त्याला सांगतात, जरा एक चक्कर मारून ये, बरं वाटेल. हीटरचं नाव कोणी काढत नाही. कारण हीटर लावला की शेजारी हमखास विचारणार, कोण आजारी आहे? आम्ही येरवड्यात राहतो, नदी जवळ, पहाटे चांगला बोचरा गारठा पडतो. तरी आमच्या सोसायटीत कोणाकडे हीटर असेलच तर तो आमच्यासारखाच, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलेला असणार.

यंदा मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. पाऊस सरता सरता माझ्या बायकोला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ठेवावं लागलं, ऑक्सिजन लावावा लागला. घरी सोडताना तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, ही थंडी जपून काढा. खोली उबदार ठेवा, पहाटेचा गार वारा छातीला लागू देऊ नका. पुन्हा हेच झालं तर फुफ्फुसं किती साथ देतील, मी सांगू शकत नाही." मी मान डोलावली. तिकडे आमच्या बाई पलंगावर बसून स्वतःचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघत होत्या आणि नर्सला सांगत होत्या, ही खालची पांढरी जागा दिसते ना, तिथे झालं होतं.

बाई म्हणजे खरोखरीच्या बाई. महापालिकेच्या शाळेत तिने जन्मभर विज्ञान शिकवलं. मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि अधिकारी होऊन बाहेर पडलो. आमच्या घरात शुभ-अशुभ, मुहूर्त, नजर, हे शब्द चालत नाहीत. माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ऐन तारुण्यात धम्मदीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडून आले. सून त्यांना त्यांच्यावर ताण मिळाली. या फ्लॅटचा ताबा आम्ही सर्वपित्री अमावास्येला घेतला, तोही मुद्दाम. किल्ली देताना बिल्डरचा माणूस दोनदा म्हणाला, साहेब, चार दिवस थांबा की. ही त्याला म्हणाली, चार दिवसांनी भिंती सरळ होणार आहेत का? आणि मुलीच्या वेळी ही गरोदर असताना सूर्यग्रहण आलं. शेजारच्या काकूंनी निरोप धाडला की काही चिरू-कापू नकोस, मुकाट झोपून राहा. हिने गॅलरीत विळी मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे कांदे चिरत बसली. इतके चिरले की पुढचे कित्येक दिवस आम्ही कांद्याचीच भाजी खात होतो. मुलगी ठणठणीत झाली. आता हिंजवडीत नोकरी करते, तिथेच राहते, आणि आईला फोनवरून शिस्त लावते.

तर थंडी सुरू झाली आणि मी म्हटलं, हीटर काढू या. ती म्हणाली, "थंडी तर पडू दे." थंडी पडली. मग म्हणाली, हीटरने हवा कोरडी होते, कोरड्या हवेने श्वासनलिका सुकते. मी म्हटलं, पाण्याचं भांडं ठेवू शेजारी. मग म्हणाली, वायरिंग जुनं आहे. मी वायरमन बोलावून दाखवून घेतलं. मग म्हणाली, गरम खोलीतून एकदम गार संडासात गेलं की जास्त बाधतं. मी पडलो आर्ट्सचा. तिचं प्रत्येक कारण ऐकायला इतकं बिनचूक की मी प्रत्येक वेळी माघार घेत गेलो. आणि ही मात्र दोन स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझा मफलर अशी गाठोडं होऊन फिरायची. सकाळचा चहा पिऊन झाला तरी रिकामा कप दोन्ही हातांत धरून बसायची. खोकला पहाटे सुरू व्हायचा तो ऊन गॅलरीत येईपर्यंत थांबायचा नाही. मला पलीकडच्या पलंगावर पडल्या पडल्या तो मोजल्यासारखा ऐकू यायचा, आणि डॉक्टरीणबाईंचं ते शेवटचं वाक्य.

मुलीला कळलं तशी तिने उंटावरून शेळ्या हाकायला घेतल्या. ती ऑनलाइन ऑर्डर करणार होती, तेलावर चालणारा, आवाज न करणारा, चाकं असलेला हीटर, उद्या घरपोच. तिची आई म्हणाली, घरात धडधाकट हीटर असताना दुसरा कशाला? मुलगी म्हणाली, मग तो लाव ना. आई म्हणाली, लावू की, गरज तर वाटू दे. फोन ठेवला आणि आमच्या बाईंनी काय करावं? उठून पंखा एकावर लावला. आणि दोन स्वेटर घालून त्याच्याखाली बसली. मी बोललो असतो तर तिने दोनावर केला असता.

दुसऱ्या दिवशी मीच शिडी लावून हीटर खाली काढला. दोन कांड्यांचा, मागे चकचकीत पत्रा, पुढे जाळी, असा साधासुधा. दादांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांचे पाय गार पडायला लागले तेव्हा मी बुधवार पेठेत जाऊन आणला होता. दादांनंतर काही वर्षांनी आईची तीच अवस्था झाली तेव्हा तो पुन्हा निघाला. त्यानंतर माळ्यावर. मी पत्रा पुसला, जाळीतली जळमटं काढली आणि बायकोच्या पलंगाच्या पायथ्याशी तो ठेवून दूध आणायला गेलो. परत येऊन बघतो तर हीटर गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे, तोंड भिंतीकडे करून. मी उचलून आत आणला. दुपारी परत गॅलरीत. दोन-तीन दिवस हा लपंडाव चालला. कोणी कोणाला काही बोलायचं नाही, फक्त हीटरची जागा बदलायची. पेन्शनर माणसांना एवढीच कामं.

मग एका संध्याकाळी तिला अशी काही ढास लागली की भिंतीला हात टेकून उभं राहावं लागलं. चेहरा काळानिळा झाला. श्वास जागेवर आल्यावर मी पाणी दिलं आणि मग माझा ताबा सुटला. मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, मरायचंय का तुला? तसं असेल तर सांग, म्हणजे मी तरी शिडीवर चढायचा बंद होतो. डॉक्टर सांगतात, पोरगी सांगते, मी सांगतो, आणि तुझं आपलं एकच तुणतुणं.

ती पलंगावर बसली. पाणी संपवलं. गॅलरीच्या दाराकडे बघत म्हणाली, "दादांना लावला. दादा गेले. आईंना लावला. त्या गेल्या. आता माझ्या पायाशी आणून ठेवलात."

मला आधी हसू आलं. अहो, ग्रहणात कांदे चिरणारी बाई ही. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. भीती तर होतीच, पण भीतीपेक्षा शरम जास्त होती. चोरी पकडल्यासारखी ती खाली मान घालून पेल्याची कड पुसत बसली होती. ती सगळी कारणं, कोरडी हवा आणि वायरिंग, ती मला पटवण्यासाठी नव्हतीच. ती तिची तिला होती.

मी शेजारी बसलो आणि शहाण्यासारखं समजवायला लागलो. म्हटलं, अगं, ते जायला टेकले होते म्हणून हीटर आणला, हीटर आणला म्हणून ते गेले नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असलाच प्रकार.

"ते मला नका सांगू," ती म्हणाली. "शाळेत पोरांना तेच सांगत आले. डोक्याला सगळं कळतं हो. पण तो लाल झाला की पोटात गोळा येतो. त्याला मी काय करू?"

 मी व्यवहाराचं बोलायला लागलो. म्हटलं, मग हा देऊन टाकू, आपल्या वॉचमनला देऊ. ती पटकन म्हणाली, त्याची म्हातारी आई आली आहे गावाहून, नको. आणि आपण काय बोललो ते कळून तिने तोंडावर हात ठेवला. म्हटलं, बरं, पोरगी म्हणते तो नवा मागवू. तर म्हणे, नवा मागवला म्हणजे जुन्यात काहीतरी होतं असं मी मान्य केलं, ते मला जमायचं नाही. म्हणजे हा लावायचा नाही, हा टाकायचा नाही आणि दुसरा आणायचा नाही. मी हात टेकले.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. मला तिचा राग आला होता हे कबूल आहे. तिच्या तोंडून असलं काही ऐकायची मला सवय नव्हती. पण नंतर नंतर वाटायला लागलं, की तिने त्या दोन्ही हिवाळ्यांत केलं काय होतं? मी कचेरीत असायचो. दादांचे पाय त्या हीटरसमोर धरून तळव्यांना तेल चोळायची ती. आईचं तसंच. लाल उजेडात पाय हळूहळू गरम व्हायचे आणि एक दिवस झाले नाहीत, ते दोन्ही वेळा तिच्याच हातांना कळलं होतं. मला फोन आला होता. मी घरी आलो तेव्हा हीटर बंद करून बाजूला ठेवलेला होता. पुस्तकातलं विज्ञान तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होतं, पण ते पायही तिच्याचकडे होते. मी कावळ्याच्या गोष्टी सांगत होतो त्या लांबून सांगत होतो.

तेव्हा मी ठरवलं, की आधी आपण बसायचं. मी बसलो, चार दिवस बसलो, मला काही झालं नाही, की तिच्या पोटातला गोळा आपोआप विरघळेल. प्रयोगच म्हणा ना. आर्ट्सवाल्याचा.

सकाळी ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती तेव्हा मी हीटर हॉलमध्ये माझ्या खुर्चीसमोर मांडला, पिन लावली आणि बटणावर बोट ठेवलं. आणि बोट पुढे जाईना. मी, ज्याने दोनच दिवसांपूर्वी व्याख्यान झोडलं होतं, तो बटणावर बोट ठेवून उभा. मनात एकच आलं, आपल्याला काही झालं तर हिला दवाखान्यात कोण नेणार? मग स्वतःचाच संताप आला आणि मी बटण दाबलं. जुनी धूळ जळल्याचा वास सुटला. कांड्या तांबूस झाल्या, मग लाल. मी पेपर उघडून बसलो. त्यातलं एक अक्षर वाचलं नाही.

वासाने ती बाहेर आली. दारातच थांबली.

"बंद करा ते."

मी म्हटलं, मला थंडी वाजतेय. ती म्हणाली, डिसेंबरात बनियनवर फिरणाऱ्या माणसाला कधीपासून थंडी वाजायला लागली? मी म्हटलं, वय झालं. ती मग माझा चहा लांबच्या टीपॉयवर ठेवून आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

आता माझ्या शहाणपणाचा कळस बघा. ज्याला थंडी वाजत नाही तो हॉलमध्ये घाम पुसत बसलाय, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती पलीकडे ओट्याजवळच्या स्टुलावर गारठतेय. स्वयंपाकघराला ऊन नाही, फरशी बर्फासारखी. मी हीटर बंद करेपर्यंत ती बाहेर यायची नाही. मी तिला घाबरवून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात बसवलं होतं. तरी माझा हट्ट जाईना. मी चार सकाळी बसलो. तिचा खोकला वाढला. चौथ्या दिवशी तिच्या कपाळाला हात लावला तर अंगात कणकण. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, गोळ्या चालू करा, ऊब द्या, आणि ताप उतरला नाही तर लगेच घेऊन या, थांबू नका.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. ती स्टुलावर बसून मटार सोलत होती. बोटं गारठून इतकी बधिर झाली होती की शेंग दाबली तरी उघडत नव्हती. ती नखाने ओरबाडत होती.  या बाईशिवाय या घरात आपण काय करणार आहोत, हे त्या क्षणी मला इतकं लख्ख कळलं की गुडघे दुखत असूनही मी तिथेच फरशीवर बसलो.

म्हटलं, "एक सांगू? पहिल्या दिवशी बटण दाबताना माझं बोट अडलं."

तिने वर पाहिलं. "कशाने?"

"तुझं जे झालं तेच. वाटलं, आता माझा नंबर."

"तुम्हाला?"

"मला."

तिने हातातली शेंग ताटात टाकली आणि माझा चेहरा निरखला. थट्टा करतोय का, ते शोधत असावी. मग म्हणाली, "मग दाबलंत कशाला?"

"तू दाबणार नव्हतीस म्हणून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं, त्यातून खोकला आला, आणि मी तिची पाठ चोळत बसलो. खोकला थांबल्यावर म्हणाली, इतके दिवस मला वाटत होतं या घरात बावळट मी एकटीच. दादांच्या घरातली सून आणि पत्र्याच्या डब्याला भिते. तुम्ही हसलात ना त्या दिवशी, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि बोलत बोलत ती उठली, मटारचं ताट उचललं, आणि माझ्याकडे न बघता हॉलमध्ये गेली. मागून मी, भिंतीला धरून उठत.

आधी ती दाराजवळच्या खुर्चीत बसली. मी हीटर लावला. कांड्या लाल झाल्या तसं तिने मान फिरवली, दोन शेंगा सोलल्या, पुन्हा पाहिलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढली. मी पेपराआडून बघतच नाही असं दाखवलं. आणखी थोडी ओढली. तिचे पाय माझ्या पायांशेजारी आले तेव्हा तिने जोरात श्वास घेतल्याचा आवाज आला. मग शेंगा पटापट उघडायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाली, जरा इकडे वळवा की, सगळी ऊब स्वतःलाच घेताय. मी वळवला.

ताप दोन दिवसांनी उतरला. हीटरने उतरला असं मी म्हणायला गेलो, तर बाई म्हणाल्या, श्रेय गोळ्यांना द्या, कावळ्याचं उलट्या बाजूने सुरू करू नका. तेव्हापासून आम्ही सकाळी ऊन येईपर्यंत दोघं हीटरसमोर बसतो. पोटातला गोळा गेला का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, नाही, पण आता तुमच्याही पोटात आहे म्हणून बरं वाटतं. छाती पूर्ण सुधारलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्यात पुन्हा एक्स-रे सांगितला आहे.

परवा सकाळी अशीच आम्ही बसलो होतो. ती हातांना खोबरेल चोळत होती आणि मी पेपर वाचत होतो. चोळता चोळता म्हणाली, "एक ऐका. आपल्यातलं कोणीतरी आधी जाणारच. थंडीत गेलं, तर मागे राहील त्याने हा परत माळ्यावर टाकायचा नाही. इथेच बसायचं, पाय शेकत. थंडी संपेपर्यंत."

मी पेपर तोंडासमोरून काढला नाही.

"ऐकलंत का?"

"ऐकलं."

"मग हो म्हणा."

मी हो म्हटलं.